पट्टा पडल्यावर ओजेटी कसली?

महोदय,

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाला (ऑन जॉब ट्रेनिंग), ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. आठ तासांची पाळी धरली तर १५ दिवस. पुढे साखर कारखान्यात जायचे, फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात), की स्पर्धा परीक्षेला बसायचे, हे ठरवण्याआधी काम हाताखालून घालायची मुलांना एवढीच संधी मिळते. ती परीक्षा उरकून मे महिन्यात दिली तर रसायनशास्त्राच्या मुलांच्या पदरात काय पडणार? तोवर साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप हंगाम संपलेला असतो आणि तिथल्या प्रयोगशाळेत रसातली साखर मोजायचा पोलॅरिमीटर झाकून ठेवलेला असतो.

जानेवारीत हेच मूल पाळीवर मिश्र रसाचे नमुने घेते, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण) आणि पोल (त्यातल्या साखरेचे प्रमाण) काढते. ब्रिक्स १८, पोल १५ आले तर शुद्धता, म्हणजे ब्रिक्समधला पोलचा शेकडा वाटा, ८३.३. हिशोब सोपा आहे, कठीण आहे ते नमुना सांभाळणे. रस तसाच उघडा राहिला की जिवाणू साखर फोडतात, शुद्धता कमी दिसते आणि चूक भलतीकडेच शोधली जाते. रात्रपाळीत पहाटे चार वाजता हे चोख करणे आपल्याला जमते का, मुळात आवडते का, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींना हंगामाची अडचण नाही. पण नेमके काम ठरवून दिले नाही, तर मुलगी ऑफिसात एक्सेल भरत बसते. म्हणून कॉलेजच्या पत्रातच लिहावे, की साच्याच्या वाळूचा ओलावा आणि परमिॲबिलिटी (वाळूतून वाफ, वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) तिला रोज मोजू द्या, आणि त्या दिवशीच्या रिजेक्शनशी, म्हणजे नापास झालेल्या मालाशी, ताडून पाहू द्या. ओलावा वाढला आणि वाफेला वाट मिळाली नाही, की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या तुकड्याला, ब्लोहोल (वायूने पडलेली पोकळ भोके) पडतात. असा तुकडा हातात घेतलेल्या मुलीला या क्षेत्रात राहायचे की नाही, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

कॉलेजांना कळकळीची विनंती आहे. गाळप सुरू होताच नोव्हेंबरमध्ये कारखान्यांना पत्रे द्या. जानेवारी-फेब्रुवारीत १५ दिवस तासिका थांबवा आणि एका पाळीला दोनच विद्यार्थी पाठवा. गर्दी झाली की मुले नुसती बघत राहतात. अपघात विमा आधी काढा. नोंदवहीवर शिफ्ट केमिस्टची रोज सही हवी, आणि तोंडी परीक्षेत त्यातलाच एखादा आकडा काढून तो असा का आला ते विचारा. शेवटच्या दिवशी आणलेल्या शिक्क्याच्या कागदावर गुण देऊ नका.

– रसायनशास्त्राचे एक शिक्षक, कोल्हापूर