ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र : चालता संगणक भंगारात कोणी काढला?

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

सविनय नमस्कार,

आपल्यामागे रेशन, डाळी, कांदा, साखर असा मोठा व्याप आहे, याची कल्पना आहे. त्यात संगणक-मोबाइलचे रडगाणे ऐकायला फुरसत कुठून मिळणार? पण ‘दुरुस्तीचा हक्क’ ही घोषणा आपल्याच खात्याची, म्हणून पत्रही आपल्याच नावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. संगणक चालूच राहिले, फक्त सुरक्षेचे फुकट अपडेट बंद झाले. तेव्हापासून दुरुस्तीच्या टेबलावर अशी यंत्रे येतात ज्यांत बिघाड काहीच नसतो. हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, चार जीबी रॅमची आठ करा, पंख्यातली धूळ झाडा, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावा. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह टॅली, एक्सेल आणि पोरांचे ऑनलाइन क्लास आणखी काही वर्षे आरामात ओढतो. खर्च चार-पाच हजारांच्या आत. मग पडद्यावर पाटी येते, ‘हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही.’

का पात्र नाही, ते जरा नीट ऐका. मायक्रोसॉफ्ट म्हणते, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हवे. बरे, देऊ. सातव्या पिढीच्या पुष्कळ डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएमचेच काम करणारा इंटेल पीटीटी नावाचा पर्याय असतो आणि तो बहुधा बंद ठेवलेला असतो. तो चालू करा, मग विंडोजच्या रन खिडकीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. व्हर्शन २.० दिसते. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधलेच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे हत्यार डेटा न पुसता ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलून देते. त्यानंतर बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू. (हे पत्र वाचून कोणी घरी करणार असेल तर आधी बॅकअप घ्या, बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चालू असेल तर तो थांबवा, आणि त्या हत्याराने आधी नुसते ‘व्हॅलिडेट’, म्हणजे तपासणी, करून पाहा. रूपांतर करून सीएसएम तसेच ठेवलेत तर यंत्र बूट होणार नाही, मग डिस्क उडाली म्हणून बोंब मारू नका.) एवढे करून सगळ्या अटी पुऱ्या होतात आणि तरीही नकारच येतो. कारण प्रोसेसर कंपनीच्या यादीत नाही. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा हवा.

आता गंमत बघा. सातव्या पिढीच्या मोजक्या चिपना मात्र दार उघडले, त्यात कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू आहे. ही चिप मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आणि २०१५ साली याच कंपनीच्या प्रतिनिधीने भर परिषदेत विंडोज १० ही ‘शेवटची विंडोज’ असल्याचे सांगितले होते. लोकांनी त्या भरवशावर यंत्रे घेतली. आपल्याकडे हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडते की नाही, हे आपल्या खात्याने कधी तपासले का?

कंपनी म्हणेल, आम्ही वर्षभराची मुदतवाढ दिली की. दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी तीस डॉलर मोजा, नाहीतर कंपनीच्या बक्षीस योजनेतले हजार गुण द्या, नाहीतर विंडोज बॅकअप चालू करून आपल्या सेटिंग कंपनीच्या क्लाउडवर चढवा. कुठल्याही वाटेने गेलात तरी मायक्रोसॉफ्टचे खाते काढावेच लागते. दहा वर्षे लोकल अकाउंटवर, म्हणजे कंपनीचे ऑनलाइन खाते न काढता, बिले छापणाऱ्या किराणा दुकानदाराने आता नाव, ईमेल, मोबाइल नंबर देऊन आत जायचे, आणि बॅकअपमध्ये चुकून फोल्डरही टिकमार्क झाले तर फुकटच्या पाच जीबीत ते मावत नाहीत, की ‘जागा विकत घ्या’ची पाटी सुरू.

हीच मुदतवाढ युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या तीस देशांत बॅकअपची अट न घालता फुकट आहे. खाते तिथेही लागते, पण पैसे नाहीत, गुण नाहीत, क्लाउड नाही. का? तिथल्या युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने पत्र धाडले, कायद्यावर बोट ठेवले आणि कंपनी नरमली. म्हणजे बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या पोराला जे बॅकअपच्या अटीविना मिळते, ते बारामतीतल्या त्याच्या बापाला अटीवर. कंपनी तीच, सॉफ्टवेअर तेच. फरक कसला असेल तर सरकारचा.

धंद्यासाठी डोमेनला, म्हणजे कार्यालयाच्या मध्यवर्ती नेटवर्कला, जोडलेल्या संगणकांना तर ही घरगुती योजनाच लागू नाही. त्यांना पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४, तेही दर यंत्रामागे. बेरीज ४२७ डॉलर. डॉलरचा भाव रोज हलतो, पण ढोबळमानाने अडतीस-चाळीस हजार रुपये धरा. एवढ्यात नवा पीसी येतो, आणि नेमके तेच तर हवे आहे! शिक्षणसंस्थांना मात्र एक, दोन, चार डॉलर असा दर आहे. म्हणजे एका डॉलरात वर्षभराचे अपडेट देणे कंपनीला परवडते, हे कंपनीनेच सिद्ध केले. मग बाकीचे साठ डॉलर कशाचे, हे विचारायला एखादा अवर सचिवही पुरेल.

‘विंडोज सोडा, फुकटचे लिनक्स टाका’ असे सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. घरगुती वापराला टाकतोही, त्यातले मिंट झकास चालते. पण सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्याला सांगून बघा. त्याची वीस वर्षांची कामे श्रीलिपीत आणि आयएसएमच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, पेजमेकरच्या फाइलींत अडकलेली. युनिकोडमध्ये आणायची तर कन्व्हर्टर जोडाक्षरे आणि रफार खातो, पानन्‌पान तपासावे लागते. शेजारी टॅली, त्याच्या शेजारी डिजिटल सहीचा टोकन, ज्याचा ड्रायव्हर विंडोजवरसुद्धा नखरे करतो. सरकारी संगणक संस्था सीडॅकने बॉस लिनक्स बनवून किती वर्षे झाली? सरकारच्याच कार्यालयांत ते किती टेबलांवर चालते? मंत्री महोदय ‘स्वदेशी’ म्हणून झोहोवर ईमेल हलवतात आणि टीव्हीवर बातमी होते. तलाठ्याच्या टेबलावरचा संगणक मात्र तिथेच.

मोबाइलची कथा याहून वाईट आहे. आयफोनचा डिस्प्ले, बाजारात ज्याला आम्ही फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतो, तो तुम्ही दुसऱ्या अस्सल आयफोनमधून काढून बसवला तरी आयओएस १८ येईपर्यंत फोन तो ‘अनोळखी भाग’ ठरवत असे. कारण त्या भागातल्या चिमुकल्या चिपमध्ये लिहिलेला क्रमांक मदरबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळत नसे. मग काय करायचे? जुन्या डिस्प्लेची चिप हॉट एअरने उचलून, मायक्रोस्कोपखाली नव्या पट्टीवर बसवायची, नाहीतर प्रोग्रामरने डेटा वाचून लिहायचा. बॅटरीचेही तेच. जुन्या बॅटरीवरची छोटी सर्किट पट्टी कापून नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडायची. एक डाग चुकीचा पडला की सेल तापतो, फुगतो, पेटही घेतो. कंपनीने कॅलिब्रेशनचे, म्हणजे नवा भाग फोनशी जुळवायचे, सॉफ्टवेअर आधीपासून सरळ हातात दिले असते तर हा खेळ करावाच लागला नसता. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या आयफोन १३ चा डिस्प्ले बदलला की फेस आयडीच मरत असे. जगभर ओरड झाली तेव्हा आयओएस १५.२ च्या एका अपडेटने ते सुरळीत झाले. म्हणजे अडचण काचेत नव्हतीच, सॉफ्टवेअरमध्ये होती!

अँड्रॉइडवालेही मागे नाहीत. पडद्याखालचा फिंगरप्रिंट सेन्सर असलेल्या कित्येक फोनांत फोल्डर बदलल्यावर सेन्सर नव्याने कॅलिब्रेट करावा लागतो आणि त्याचे हत्यार बहुतेकदा फक्त अधिकृत सेंटरकडे असते. दुकानात कॉपी फोल्डर, ओजी फोल्डर, जुन्या फोनमधून काढलेला फोल्डर अशा तीन भावांत माल मिळतो. अस्सल सुटा भाग कंपनी आम्हाला विकत नाही, आणि मग तीच कंपनी जाहिरात करते की रस्त्यावरचे दुरुस्तीवाले नकली भाग टाकतात. शिव्या कोणाला? काउंटरमागे बसलेल्याला. डेटा गेला तर आम्ही चोर, पडद्यावर सूचना आली तर आम्ही ठक, वॉरंटी नाकारली तरी आम्हीच पापी. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर डोळे फोडून सोल्डरिंग करणाऱ्या माणसाने हे सगळे ऐकून घ्यायचे, आणि त्याच्याच नावाने आपण ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ म्हणून भाषणे ऐकवायची.

आता आपल्या खात्याचे प्रगतिपुस्तक उघडू या. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती झाली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल आले. त्यात कंपन्यांची नावे, कस्टमर केअरचे नंबर, वॉरंटीची माहिती. जे कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच होते, ते सरकारी चिन्हाखाली एकत्र ठेवले. सर्किटचा नकाशा, निदानाचे सॉफ्टवेअर, कॅलिब्रेशनचे हत्यार यांची सक्ती कुठे आहे? सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक समिती, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल. मोबाइलला ‘दुरुस्ती निर्देशांक’ द्यायचा, खोक्यावर क्यूआर कोड लावायचा. निकष चांगले निवडले आहेत, त्याला नावे ठेवत नाही. किती उघडावे लागते, स्क्रू कसले, हत्यारे कोणती, सुटे भाग किती दिवसांत, माहिती मिळते का, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षे. पण गुण कोण देणार? कंपनी, स्वतःच स्वतःला. कारण काय, तर कंपन्यांवर जादा बोजा नको! पोराने पेपर लिहायचा, पोरानेच तपासायचा आणि आपण निकालपत्रावर शिक्का मारायचा. बरे, तो क्यूआर कोड कोणत्या दुकानात, कोणत्या खोक्यावर बघायला मिळेल, तेवढे तरी कळवा.

युरोपात २० जून २०२५ पासून नव्याने विक्रीला येणाऱ्या मॉडेलला विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग बंधनकारक आहेत. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के जीव उरला पाहिजे. अमेरिकेत ओरेगनने २०२४ मध्ये भागांना सॉफ्टवेअरने कुलूप घालण्यावरच बंदी आणणारा कायदा केला. आणि आपण? जानेवारी २०२५ मध्ये आपण स्वतः जाहीर केलेत की आयओएस १८ नंतर फोन मंदावल्याच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस पाठवली. त्या नोटिशीला काय उत्तर आले ते तक्रारदारांसमोर ठेवा. नोटीस पाठवल्याची पोस्ट निघते, मग उत्तराचीही काढा.

‘ग्राहक आयोगात जा’ हे उत्तर तर देऊच नका. कंपनीच्या परवाना करारातली जाचक अट अन्याय्य करार म्हणून रद्द करून घ्यायची, तर २०१९ च्या कायद्यात तो अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. पंधरा हजारांच्या फोनसाठी गडचिरोलीच्या माणसाने राज्य आयोगाकडे धाव घ्यायची. वस्तूतल्या दोषाची तक्रार जिल्ह्यात चालते खरी. तिचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. कायदा पुष्कळ काही म्हणतो. तारखा घेतलेल्या कोणालाही विचारा.

स्पर्धा आयोग आपल्या अखत्यारीत नाही, हे ठाऊक आहे. पण सरकार एकच ना? २०१४ साली याच आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता. गुन्हा काय, तर सुटे भाग आणि निदानाची हत्यारे बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली नाहीत. पुढे अपिलात रक्कम घटली, पण तत्त्व तेव्हाच मांडून झाले होते. जे गॅरेजला लागू, ते मोबाइलच्या दुकानाला का नाही? गूगलला प्ले स्टोअरच्या बिलिंगपायी २०२२ मध्ये ९३६ कोटींचा दंड झाला, २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटींवर आला. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ चा. कंपन्यांचे वकील त्यावर हरकती लिहीत बसलेत आणि इकडे सॉफ्टवेअर अपडेटच्या एका बटणावर लोकांची कमाई मोडीत निघते. ई-कचऱ्याचे नियम मात्र लगेच येतात. कचरा झाल्यावर तो कोणी उचलायचा याची काळजी सगळ्यांना, होऊ न देण्याची कोणालाच नाही. ज्या देशात चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागतो, त्या देशात सरकारला एक सुट्या भागांची दरसूची सक्तीची करता येत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

निदान एक काम नवा कायदा न करता होण्यासारखे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली स्वतःहून चौकशी करता येते. तीस देशांत काढलेली बॅकअपची अट भारतात का ठेवली, हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जसेच्या तसे प्रसिद्ध करा. मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे, त्यामुळे समिती नेमू नका, तिच्या चहापानातच ती उलटून जाईल. आणि या पत्राला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा असे उत्तर पाठवू नये. तो नंबर आमच्याकडे आहे.

आपला,
संगणक-मोबाइल दुरुस्तीवाला
तपकीर गल्ली, बुधवार पेठ, पुणे