पोर्ट लुईसच्या त्या ताईंना, माझ्या आईच्या हातात चिठ्ठी दिलीत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला न विचारता असं सगळ्यांसमोर नको म्हणून. पण मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसच्या सेंट्रल मार्केटजवळ दाल पुरीच्या गाडीपुढे भर दुपारच्या रांगेत, मागे कुणीतरी मराठीत बोलतंय हे ऐकून झटकन वळलेल्या त्या तुम्हीच, एवढं वाचलंत की कळेलच तुम्हाला. शाळेत मराठी शिकलात, वाचता छान येतं पण घरी सगळे क्रेओलच, म्हणजे तिथली बोलीच बोलतात असं म्हणाला होतात, म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय. चिपळूणला परत येऊन बरेच दिवस झाले तरी आईच्या तोंडी अजून तुमचंच नाव आहे, आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला ती मॉरिशसचा समुद्र सांगत नाही, तुम्हाला सांगते.

तुम्ही भेटायच्या आधी आमचं काय चाललं होतं ते तुम्हाला त्या दिवशी नीट सांगितलंच नाही, रांगेत कुठे सांगत बसणार. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बुकिंगच्या वेळी ट्रॅव्हलवाल्यांना हे मी फोनवर सांगितलं, मेसेज करून सांगितलं, त्यांनी "मॅम काळजीच करू नका, इंडियन फूडची काही कमी नाही तिकडे" असं सांगून पैसे घेतले. आणि तिथे गेल्यावर रोजचा तोच बुफे, उकडलेलं गाजर, फरसबी, फ्रेंच फ्राइज, आणि भाताच्या शेजारीच माशाचं भांडं, एकच डाव दोन्हीकडे फिरतोय. हॉटेलमधल्या माणसाला विचारलं की यात काय आहे तर तो हसून म्हणतो "व्हेज व्हेज", आणि आईला त्यात कोळंबी दिसते. त्यानंतर तिने त्या टेबलाकडे जाणंच सोडलं. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला आंटींना फ्रूट्स द्या ना, फ्रूट्स खूप छान असतात तिकडे. एवढे पैसे भरून सत्तरी ओलांडलेल्या बाईने फळांवर राहायचं का? सगळ्यात वाईट याचं वाटत होतं की आई तक्रारच करत नव्हती, "मला भूकच नाही गं, तू खा" एवढंच म्हणायची आणि घरून आणलेला चिवडा पुरवून पुरवून खायची. मी मासे खाणारी, माझ्यासमोर ताटात सगळं, आणि ती समोर पाणी पीत बसलेली, घास उतरत नाही हो अशा वेळी.

मग ती दुपार. तुम्ही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आला होतात, हातात पर्स, घाई स्पष्ट दिसत होती. तरी तुम्ही आमच्यासाठी थांबलात, गाडीवाल्याशी क्रेओलमध्ये बोललात, त्याच्याकडे मटण-चिकनचा रस्सा आहे का, डाव वेगळा आहे का सगळं विचारलंत, आणि मग स्वतःची पुरी घेऊन तिची गुंडाळी आईसमोर उलगडलीत. हे आत वाटलेली पिवळी डाळ, हा पांढऱ्या मोठ्या डबल बीचा रस्सा, ही रुगाय, म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, ही कोथिंबिरीची चटणी, ही मिरची, ही हवी तरच घ्या. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, अगं ही तर गुळाशिवायची पुरणपोळी! किती दिवसांनी ती मनापासून जेवत होती. तिथे दाल पुरी जोडीनेच देतात, आईने दोन जोड्या खाल्ल्या, उभ्याने, पदर सावरत, कागदातून ओघळणारा रस्सा मनगटापर्यंत आलेला.

एवढं केलंत तरी पुष्कळ होतं. कुणीही एवढं करून "बरंय, एन्जॉय करा" म्हणून गेलं असतं आणि आम्ही आयुष्यभर आभारच मानले असते. पण तुम्ही पर्समधून कागद काढलात. मला वाटलं मला काही दुकानांची नावं लिहून देताय, मी हात पुढे केला, तर तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आईला विचारलंत, "मावशी, देवनागरी मोठ्या अक्षरात लिहू ना?" आणि तुमचं क्रेओल तुम्ही देवनागरीत लिहिलंत. मो पा मांझ लाव्यान. मो पा मांझ प्वासों. मो पा मांझ दिझेफ. आणि प्रत्येक ओळीखाली मराठीत, मी मांस खात नाही, मी मासे खात नाही, मी अंडी खात नाही. शेवटी तिगित पिमां, म्हणजे मिरची थोडीशीच. आईकडून ते तिथेच दोनदा म्हणवून घेतलंत, तिचं प्वासों चुकत होतं ते न हसता दुरुस्त केलंत. तुमची जेवणाची सुट्टी संपत आली होती, तुमची स्वतःची पुरी तशीच हातात गार झाली होती.

ताई, त्या चिठ्ठीने काय केलं ते सांगायलाच हे पत्र आहे. त्याआधी सगळीकडे मी आईच्या वतीने बोलत होते, शी इज व्हेजिटेरियन, नो एग प्लीज, आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघून उत्तर द्यायचा, आई शेजारी उभी राहून एखादी अडचण असल्यासारखी ऐकत असायची. तुमच्या चिठ्ठीनंतर आई स्वतः बोलायला लागली. चष्मा लावायची, कागद उघडायची आणि स्पष्ट वाचायची. आणि माणसं काय खूश व्हायची! इंग्रजीत विचारल्यावर मान हलवून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळणारे दुकानदार तिचं क्रेओल ऐकून आतून दुसऱ्या कुणालातरी बोलवायचे, या बाईंचं ऐका म्हणून.

सोमवारी आम्ही तुम्ही सांगितलेल्या माहेबर्गच्या बाजाराला गेलो. तिथे आईने पहिल्यांदा गातो पिमां खाल्ले, डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर आणि गरम गरम तळायचे, तिथले लोक सकाळी पावात लोणी लावून त्यात घालून खातात, आईनेही तसंच मागितलं. मग रताळ्याच्या पिठात ओलं खोबरं आणि साखर भरून तळलेली गातो पतात, आणि वांग्याच्या कापांची भजी. भाजीवाल्यांकडे शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या, अळू, चोचो असं सगळं बघून ती हरखूनच गेली, तिथे पालेभाजीला ब्रेद म्हणतात आणि शेवग्याच्या पाल्याचं पातळ पाणीदार कालवण भाताबरोबर घरोघर करतात हे तिला भाजीवालीनेच खुणा करून समजावलं. म्हणजे आमच्या हॉटेलपासून तासाभरावर अख्खं गाव शेवगा, अळू, डाळ आणि डबल बी खातंय आणि हॉटेलवाले माझ्या आईला उकडलेलं गाजर देतायत! इंडियन फूड हवं म्हटलं की त्यांच्या डोक्यात फक्त क्रीमवालं पनीर येतं, बेटावरचे लोक रोज काय खातात ते पाहुण्याला द्यावं असं कुणाला सुचतच नाही. याचा मला अजून राग येतो.

माहेबर्गलाच कसावाची बिस्किटं करणारा तो 1870 पासूनचा घरगुती कारखानाही बघितला, उसाचा वाळलेला पाला जाळून तापवलेल्या तव्यांवर भाजतात. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हे कळल्यावर आईने तिथल्या बाईंना किती प्रश्न विचारले, अर्धे मराठीत!

पोर्ट लुईसला पुन्हा गेलो तेव्हा बाजारात आलुदा प्यायलो, थंड दूध, सब्जा, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे चायना ग्रासची जेली आहे ना, प्राण्यांच्या जिलेटिनची नाही ना, हे आईने आधी विचारून घेतलं. चायनाटाऊनमध्ये नूडल्सच्या दुकानात तुमची ऑयस्टर सॉसची सूचना कामी आली, भाज्यांच्या नूडल्समध्येही तो कालवांचा सॉस पडतो हे आम्हाला कुठून कळणार. तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी चिठ्ठी स्वतः हातात घेतली, अक्षरं त्यांना वाचता येईनात, मग आईने त्यांना वाचून दाखवली आणि त्यांनी कढई घासून नवीन टाकली आमच्यासमोर. समुद्रावर अननसवाल्याकडे मात्र चिठ्ठी लागली नाही, तो छोटा व्हिक्टोरिया अननस, देठाला धरून खाता येईल असा तिरपा कोरलेला, वर मीठ-मिरची. आई म्हणाली असा गोड अननस मी जन्मात खाल्ला नाही. ट्रॅव्हलवाल्या माणसाचं फळांबद्दलचं तेवढं एक खरं निघालं.

माझंही सांगते, कारण तुम्ही मला म्हणाला होतात की आईचं झालं की मग तू पण नीट खा. खाल्लं. माशाचं विंदाय खाल्लं, तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण, व्हिनेगरमध्ये मुरवलेला, मुरल्यावर गारच पावाबरोबर. ऑक्टोपसचा रस्सा खाल्ला, भीत भीत, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. आई समोर बसून फराटा, म्हणजे तिथला पराठा, आणि बटाट्याची भाजी खात होती म्हणून ते सगळं मला गोड लागलं. इथे जे वाचतायत आणि मॉरिशसला जाणार आहेत त्यांना एवढंच सांगते की हॉटेलचं फक्त नाश्त्याचंच पॅकेज घ्या, दुपारी पोर्ट लुईस, रोझ हिल, माहेबर्ग अशा गावांत उतरा, जिथे ऑफिसवाल्यांची रांग असेल तिथे उभे राहा, आणि लवकर जा, चांगल्या गाड्यांवरची दाल पुरी दुपार कलायच्या आत संपते. कुणाच्या लग्नाचं किंवा देवळातल्या उत्सवाचं आमंत्रण मिळालं तर केळीच्या पानावरचं सेत कारी सोडू नका, भाताबरोबर सात भाज्या आणि सगळ्या शाकाहारी. आमचा योग आला नाही, पण तुम्ही हातांनी पान आखून कुठे काय वाढतात ते दाखवलंत ते आईला पाठ आहे.

आणखी एक. तुम्ही म्हणाला होतात, इथवर आलात तर आप्रवासी घाट बघूनच जा, जवळच आहे. गेलो. 1834 पासून करारावर आणलेले मजूर जिथे उतरले त्या दगडी पायऱ्या, जवळपास पाच लाख माणसं त्या बंदरातून आली म्हणे, 2006 साली ते जागतिक वारशात गेलं. तुमचे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे हे आईला तुम्ही सांगितलं होतंत, ती पायऱ्यांकडे बघत मला म्हणाली, आपल्याच कुणाचीतरी पोरं ही, काय खाऊन दिवस काढले असतील यांनी. मला वाटतं म्हणूनच की काय तुमच्याकडे परक्या माणसाला आधी "जेवलात का" असं विचारायची रीत टिकून आहे. आपल्याकडेही आहे, कोकणात तर नक्की आहे, पण आपण ती ओळखीच्यांपुरती ठेवायला लागलोय. आमच्याच ग्रुपमधली मराठी माणसं रोज बुफेला आमच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आईचं रिकामं ताट त्यांना दिसत होतं, कुणी एकदा विचारलं नाही. तुम्ही आम्हाला पाच मिनिटांपूर्वी बघितलेलं आणि तुम्ही विचारलंत. चांगुलपणाला फार पैसा, वेळ लागतो असं नाही हो, समोरच्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून, त्याच्याशीच बोलायला लागतं. हॉटेलात गणवेश घालून उभ्या असलेल्या, हसण्याचं ट्रेनिंग घेतलेल्या इतक्या लोकांना जे जमलं नाही ते तुम्ही भुकेल्या पोटी केलंत.

आता आईचे निरोप. पहिला, तिने घरी दाल पुरी केली, डाळ भरायला जमली पण पुरी लाटताना फाटते, तुम्ही डाळ किती कोरडी ठेवता आणि हळद पिठात घालता की डाळीत तेही लिहा. दुसरा, डबल बी आमच्याकडे सुकी मिळते, रात्रभर भिजवूनही सालं कडक राहतात, त्याला काही उपाय आहे का. आणि तिसरा, तुमच्याकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे ऐकल्यापासून ती म्हणतेय की एकदा सुट्टीला जोडून रजा काढून इकडे या, गणपतीला. मोदक ती स्वतः करेल, माशांचं मी बघते पण ते विसर्जनानंतर. मुलांना घेऊन या, आणि त्यांना काय चालत नाही ते आधी कळवा, मी आईला मोठ्या अक्षरात लिहून देते.

तुमची,
चिपळूणची धाकटी बहीण