११च्या जागी ४४

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बंद पडलेला मदरबोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून साताऱ्याहून आपल्या दुकानात आलेला माणूस मीच. नाव कुठे लिहू नका, असे आपण बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. आपण काय केलेत ते मात्र जाहीरपणे आणि तपशिलाने लिहितो, कारण ७७५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खोबणीचा एक प्रकार) जुन्या बोर्डावर सर्व्हरचा झिऑन (इंटेलचा प्रोसेसर) बसवू पाहणारे माझ्यासारखे अजूनही पुष्कळ आहेत आणि त्यांना माझी चूक तरी कळावी.

माझा डीटीपीच्या कामाचा संगणक जी४१ चिपसेटच्या बोर्डाचा, त्यात दोन कोअरचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर. चार कोअरचा क्यू९६५० घ्यावा, तर तो जुन्या बाजारातही महाग. त्याच्याच तोडीचा झिऑन ई५४५०, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश आणि १३३३ची बस, सर्व्हरमधून निघालेला असल्यामुळे बराच स्वस्त मिळाला. तो मुळात ७७१ सॉकेटचा असल्याने दोन संकेतांची अदलाबदल करणारा चिमुकला स्टिकर त्याच्या पाठीवर लावलेला होता आणि कडेच्या खाचा नव्याने कापलेल्या होत्या. बसवल्यावर पडद्यावर चित्र आले, परंतु बायोसने (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) प्रोसेसर अनोळखी असल्याची तक्रार केली आणि विंडोज लोगोपाशीच थिजले. दोष स्टिकरचाच असणार, असे धरून मी तो तीनदा काढला आणि तीनदा चिकटवला. पुढे बायोसमध्ये त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती) घालावा लागतो हे वाचनात आले, तेव्हा जुना प्रोसेसर परत लावून बदललेली बायोसची फाइल बोर्डावर फ्लॅश केली, म्हणजे बायोसच्या चिपमध्ये भरली. त्यानंतर पंखा तेवढा फिरत राहिला.

आपला पहिला प्रश्न होता, "मूळ बायोसची प्रत कुठे आहे?" माझ्याकडे ती नव्हती. आपण काही न बोलता बोर्डाच्या कोपऱ्यावर टॉर्च धरलीत आणि तिथे छापलेला रिव्हिजन क्रमांक (बोर्डाच्या आवृत्तीचा) मलाच मोठ्याने वाचायला लावलात. मी उतरवलेली फाइल त्याच मॉडेलची होती, पण दुसऱ्या रिव्हिजनची. फ्लॅश करणाऱ्या प्रोग्रॅमने तेव्हा इशारा दिला होता आणि मी तो डावलून पुढे गेलो होतो, हे कबूल करताना मला फार ओशाळवाणे वाटले.

बायोस साठवणारी, सॉकेटमधली आठ पायांची चिप काढण्याआधी तिच्या ठिपक्याच्या बाजूला बोर्डावर आपण व्हाइटनरचा ठिपका दिलात, म्हणजे परत बसवताना ती उलटी बसू नये. प्रोग्रॅमरवर (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रावर) ती दोनदा वाचून दोन्ही फाइली ताडून पाहिल्यात, तेव्हा त्या जुळल्या नाहीत. आपण चिपचे पाय खोडरबराने घासलेत आणि पुन्हा दोनदा वाचन घेतलेत. तेव्हा कुठे फाइली जुळल्या. ती बिघडलेली प्रतही आपण जपून ठेवलीत, कारण बोर्डाचा अनुक्रमांक, आणि काही बोर्डांवर लॅनचा मॅक पत्तासुद्धा, याच चिपमध्ये असतो. मी असतो तर चिप सरळ पुसून मोकळा झालो असतो.

मूळ बायोस भरून बोर्ड जिवंत झाला, तिथेच आपले काम खरे तर संपले होते. तरीही आपण झिऑन हातात घेऊन त्याच्या टोपीवरची एसएलबीबीएम ही अक्षरे दाखवलीत: हा ई० स्टेपिंगचा (उत्पादनातील आवृत्तीचा), म्हणून याची सही, म्हणजे ओळखक्रमांक, १०६७ए, एसएलएएनक्यू असता तर तो सी० आणि सही १०६७६. मायक्रोकोडच्या ४८ बाइटच्या मथळ्यात या सहीखेरीज प्लॅटफॉर्मचा, म्हणजे डेस्कटॉप की सर्व्हर हे सांगणारा, खुणांक असतो आणि तो प्रोसेसरशी जुळला नाही, तर प्रोसेसर तो मायक्रोकोड स्वीकारतच नाही, हे मला आपल्याकडून प्रथम कळले. १०६७ए सहीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा खुणांक ११ आणि झिऑनचा ४४. मी सही तेवढी पाहून ११ची फाइल घातली होती, जी माझ्या बोर्डात आधीपासूनच होती. म्हणजे असलेल्याच किल्लीची मी दुसरी किल्ली बनवून आणली होती. शिवाय हा मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये साठून राहत नाही, बायोस तो दर वेळी सुरुवातीला नव्याने भरतो, म्हणून तो चिपमध्ये असणे गरजेचे, हेही आपण सांगितलेत.

४४ची फाइल ८१९२ बाइटची आणि बायोसमध्ये जागा अपुरी. "या बोर्डावर कधी पेंटियम फोर लावणार आहात का?" असे विचारून, मी नाही म्हटल्यावरच आपण एमएमटूल या बायोसची फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रेस्कॉटचे (पेंटियम फोरच्या एका पिढीचे) जुने मायक्रोकोड काढलेत आणि त्या जागी नवा घातलात. बोर्ड माझा असला तरी निर्णय आपणच घेतला असतात, तर मला कळलेही नसते. त्याच ओघात मी एक्स५४६० हा जास्त वीज घेणारा झिऑन चालेल का, असे विचारले, तेव्हा सॉकेटशेजारच्या उघड्या मॉस्फेटवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर) बोट ठेवून "ऐंशी वॉटवर थांबा, एकशेवीस यांना झेपणार नाहीत," एवढेच आपण म्हणालात.

संगणक आता सुरू होताना झिऑनचे नाव नीट दाखवतो. प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये आधी न दिसणारे एसएसई ४.१ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) दिसते आणि लग्नपत्रिकांच्या हंगामात दिवसभर चालूनही तो एकदाही अडकलेला नाही. आपण फक्त बायोस भरण्याचे पैसे घेतलेत. शिकवण्याचे विचारले, तर हसून विषय बदललात.

चाचणीसाठी एखादा साधा ७७५चा प्रोसेसर दुकानात हवा असतो, असे आपण बोलता बोलता म्हणाला होतात. माझा जुना कोअर टू ड्युओ या पत्रासोबत पाठवत आहे. पॅड स्वच्छ पुसले आहेत. वरची वाळलेली थर्मल पेस्ट मात्र पुरती निघालेली नाही, तेवढी सांभाळून घ्यावी.

आपला कृतज्ञ,
साताऱ्याचा डीटीपीवाला