तीन बोटे

धरमपेठ, नागपूर
१४ डिसेंबर

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने पत्र नाही, त्याबद्दल जी शिवी द्यायची ती देऊन घे आणि मग पुढचे वाच. आम्ही सारे ठीक आहोत. साखर आटोक्यात आहे.

आमच्या शाखेतला एक कनिष्ठ लिपिक वर्षभर बैठकांत गप्प बसायचा, फोन वाजला की शेजारच्याकडे सरकवायचा आणि दुपारनंतर त्याने केलेल्या वेतन देयकांत हमखास चुका निघायच्या. म्हणून त्याच्या गोपनीय अहवालात ‘संवादकौशल्य असमाधानकारक, कामात रस नाही’ असे लिहून मी मोकळा झालो. गेल्या आठवड्यात एका निरोप समारंभाला सावजी जेवण होते. सगळे नाक पुसत रस्सा ओरपत असताना हा पठ्ठ्या कुस्करलेला वरणभात चमच्याच्या टोकाने ओठांतून आत ढकलत होता. मी थट्टा केली, तेव्हा तो तोंड उघडून दाखवायला गेला आणि ते उघडलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला शासकीय दंत महाविद्यालयात नेले. डॉक्टरांनी तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दीडच्या पुढे काही जाईना. सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीने गालांचे आतले अस्तर ताठ होत जाते, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला तरी ताठरलेले पूर्ववत होत नाही आणि पुढे कर्करोगाची भीती असतेच. त्यात मागची दाढ किडलेली, पण तिथवर अवजार पोचत नाही. म्हणजे हा माणूस अर्धपोटी, रात्र रात्र ठणका सोसून सकाळी माझी देयके करीत होता.

२०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हा ‘खर्रा डोळ्यांदेखत घोटलेला, म्हणून निर्धोक’ हे तत्त्वज्ञान बर्डीच्या टपरीवर मीच तुला ऐकवले होते. तू सोडलास, मी तुला ‘महाराज’ म्हटले आणि आपण दोन वर्षे बोललो नाही. कार्यालयातल्या ‘थुंकण्यास मनाई’च्या पाटीखाली सही माझी आहे, आणि रोज चार वाजता पन्नी घोटून अर्धा खर्रा मला देणारा हाच मुलगा आहे.

अहवाल वर गेला आहे. मागे घ्यायचा तर कारण काय लिहू? वर्षभर समोर बसलेल्या माणसाचे तोंड उघडत नाही हे मला दिसले नाही, असे लिहिले तर तो शेरा कोणावर?

मुक्ताचे लग्न ठरल्याचे बाळ्याकडून कळले; अभिनंदन. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

काल रात्री आरशासमोर मीही बोटे घालून पाहिली. तिसरे अडले. सुलूला अजून सांगितलेले नाही. तू कसा सोडलास ते सविस्तर लिही; तेव्हा मी ऐकून घेतले नव्हते.

तुझा,
मधू