काकांच्या गाडीचे ब्रेक

सोलापूर

प्रिय मित्रा,

काकांच्या गाडीच्या ब्रेकच्या कामाच्या एस्टिमेटचा तू पाठवलेला फोटो बघितला आणि काल संध्याकाळी होटगी रोडच्या त्या गॅरेजात जाऊनही आलो. फोनवर सांगायला बसलो तर अर्धं तुझ्या मीटिंगांत जाईल, म्हणून लिहितोय. त्यातल्या साडेचौदा हजारांतलं बरंचसं काम, म्हणजे डिस्क प्लेटा, मागचे शू, मास्टर सिलिंडर, आत्ता लागत नाही. पण "सगळंच थांबव, तो लुटतोय" हे तुझंही मला पटलेलं नाही. पुढचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून दाबून गाडी थांबवणारे तुकडे, खरोखर संपलेत, आणि काका-काकू पुढच्या आठवड्यात तुळजापूरला निघालेत.

चाकं काढलेलीच होती. डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम अडीच मिलिमीटर उरलाय, बाहेरचा पाच. नवा असतो तेव्हा साधारण दहा-बारा असतो, आणि तीनच्या खाली गेला की बदलायचा. पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून चिरकते. काकू महिनाभर म्हणत होत्या, ब्रेक दाबला की चिर्र होतं. काकांनी रेडिओ मोठा केला!

आता एकाच चाकाचे दोन पॅड असे कमी-जास्त का झिजले, हे एस्टिमेटमध्ये कुठेच नाही. पॅड दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जाम झाली होती. मग ऑइलच्या दाबानं पुढे येणाऱ्या पिस्टनकडचा, म्हणजे आतला पॅडच सगळा भार घेतो. नुसते नवे पॅड घातले असते तर तेही असेच गेले असते. मी दाखवल्यावर मिस्त्रीनं पिन बाहेर काढली, सुकलेलं ग्रीस पुसलं आणि म्हणाला, "हे करून देतो, लिहायचं राहिलं." सात ओळींच्या कागदात सगळ्यात गरजेची तीच ओळ नव्हती.

डिस्क प्लेटा मात्र बदलायच्या नाहीत. प्लेटवरच किमान जाडी कोरलेली असते. गंज घासून बघितलं तर १५ मिलिमीटर. मोजायला गेलो तर कडेला गंजाची उंच कड, जाडी मोजायचा व्हर्नियर तिच्यावरच टेकतो आणि प्लेट आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. म्हणून दोन्ही बाजूंना रुपयाचं एकेक नाणं धरलं, वरून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. १६.२ आलं. लेथवर एवढी वर्षं काढलेला माणूस उगाच नाही पाठवलास तू. काका म्हणतात ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरत नाही, मी चक्कर मारली तेव्हा मलाही जाणवलं नाही. मग प्लेट कशासाठी बदलायची? वरचा तांबूस गंज धुतलेल्या गाडीवर रात्रीत येतो आणि दोन-चार ब्रेकांत निघून जातो.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम आहेत, ते उघडायला लावले. ड्रमला आतून घासणाऱ्या शूंवरचे लायनर चांगले आहेत. थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात, त्यामुळे मागचे शू बरेच जास्त टिकतात. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहिलं, आत कोरडं. तिथे ऑइल दिसलं असतं तर सिलिंडर आणि शू दोन्ही बदलायला मीच सांगितलं असतं, कारण ऑइल प्यायलेला लायनर साफ करून भागत नाही.

मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाची, गंमत ऐक. काकांनी मिस्त्रीला सांगितलं होतं, "चावी फिरवली की पेडल खाली जातं." पाय ब्रेकवर ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली जायलाच पाहिजे, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर चालतो त्याची ती खूण. खराबी म्हणजे इंजिन चालू असताना पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं तर. मी चांगलं मिनिटभर दाबून धरलं, हललं नाही. डब्यातलं ऑइल खाली गेलंय, म्हणजे कुठेतरी गळतंय, हाही मिस्त्रीचा अंदाज. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरतं. पाईप, होस, चारही चाकं, सगळं कोरडं होतं. नवे पॅड बसले की लेव्हल आपोआप वर येईल.

ब्रेक ऑइल मात्र बदलायला सांगितलंय. काकांना शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही आणि सर्व्हिसच्या बिलांतही सापडलं नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. शहरात आसरा चौकापर्यंत जाऊन यायला काही होत नाही. पण तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलं की तापून आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायचा खर्च त्यामानानं किरकोळ आहे.

तर पॅड, पिनांची साफसफाई, ऑइल आणि हँडब्रेक ॲडजस्ट. चार हजारांच्या आत बसतंय. मिस्त्री आधी जरा तडकला, मोजलेलं दाखवलं तेव्हा काही बोलला नाही. मला तो लबाड वाटला नाही. म्हाताऱ्या माणसाची गाडी, पुन्हा तक्रार आली तर शिव्या आपल्यालाच, म्हणून दिसेल ते लिहून टाकलं असणार. मोजायचे कष्ट मात्र त्यानं घेतले नव्हते. जुने पॅड पिशवीत घालून परत द्यायला सांगितलेत, आणि पक्कं बिल.

गाडी गुरुवारी मिळेल. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचे नाहीत, नवे पॅड बसायला वेळ लागतो, हे काकांना बजावलंय. घाटात गाडी न्यूट्रलला टाकून उतरायची त्यांची जुनी सवय आहे, डिझेल वाचतं म्हणे. तिसऱ्या गिअरवर उतरा, गरज पडली तर दुसऱ्यावर, असं मी दोनदा सांगितलं. माझ्याकडे बघून नुसते हसले. तेवढं तू फोन करून सांग, आणि काकू जवळ असतील तेव्हाच कर.

तुझा,
लेथवाला