विनच्या कॉलमवरून पिचर मोजता?

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतली थोर बेसबॉल पिचर्सची (बॅटरकडे बॉल फेकणाऱ्यांची) क्रमवारी वाचली. मराठी पेपरात बेसबॉलला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल खरंच आभार. पण लेखकमहाशयांनी नुसता विनचा, म्हणजे पिचरच्या नावावर लागलेल्या विजयांचा, कॉलम बघून नंबर लावलेत का? नोलन रायनचे ३२४ विन, पेड्रो मार्टिनेझचे २१९, म्हणून पेड्रो पार तळाला. मग रायन २९२ हरलाय ते कुठे गेलं? आणि सँडी कोफॅक्सचे १६५च म्हणून तो यादीतच नाही, फोटो मात्र त्याचाच लावलाय, तोही आरशात दिसतो तसा उलटा छापलेला. डावखुरा होता हो तो! कोपराच्या संधिवातामुळे तिशीतच सोडावं लागलं बिचाऱ्याला, तेही शेवटच्या सीझनला २७ विन आणि १.७३ ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले सरासरी रन, जितके कमी तितकं चांगलं) असताना.

पेड्रो बॉस्टनकडून खेळायचा तेव्हा मी तिथेच नोकरीला होतो. बाबा नुकतेच मिरजेहून आलेले, त्यांना ६ मे २००० ला फेनवेला, म्हणजे बॉस्टनच्या मैदानावर, त्याची मॅच बघायला घेऊन गेलो. बाबा बँकेत कॅशियर होते, त्यामुळे खेळ कळो न कळो, हिशोब पाहिजेच. पेड्रोने कुणाला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये घालवलं, की तिकिटाच्या पाठीवर एक रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी, शेवटी माझ्याकडून दोनदा ताळा करून घेतला, १७ भरल्या. आणि मॅच हरलो १-०, कारण समोरच्या टीमचा पिचर ट्रॅक्सेल, त्याला आमच्या बॅटर्सनी अख्ख्या मॅचमध्ये एक रन काढला नाही. बाबा म्हणाले, "अरे १७ जण यानेच घालवले ना, मग हा कसा हरला? बाकीचे काय गोट्या खेळत होते?" त्या लीगमध्ये तेव्हा पिचर बॅटिंगला जातच नव्हता, मग पेड्रो रन काढणार कुठून? तरी तो लॉस त्याच्याच नावावर आहे साहेब. त्या सीझनला त्याचा ईआरए १.७४ आणि लीगमध्ये दुसरा आलेल्या क्लेमेन्सचा ३.७०, म्हणजे दुपटीच्या वर! पण एवढं बघायला पुढचा कॉलम वाचावा लागतो.

रायनला डोक्यावर घ्या, माझी ना नाही, ५७१४ स्ट्राइकआउट आणि ७ नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेल्या मॅच) म्हणजे काय चेष्टा आहे का. पण त्याचंच १९८७ साल काढून बघा, ईआरए २.७६, लीगमध्ये सगळ्यात चांगला, आणि रेकॉर्ड ८-१६, म्हणजे ८ विन, १६ लॉस! म्हणजे लेखकांचा लाडकासुद्धा लेखकांच्याच पट्टीने त्या वर्षी नापास.

असो. लिहायला बसलोच आहे तर, शब्दकोड्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी देतो म्हणता, गेले तीन आठवडे पत्ता नाही. फोन केला तर "बघतो" म्हणून ठेवून देतात. मागच्या मंगळवारचा १४ आडवा मला अजून सुटलेला नाही.

- एक जुना वाचक, कोथरूड, पुणे