'करिअर ऑब्जेक्टिव्ह' कोणी लिहावे?

संपादक महोदय,

रेझ्युमेच्या सुरुवातीला 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे आपल्याला कसले काम हवे हे सांगणारी एक-दोन वाक्ये, लिहावे का, असे नोकरी शोधणारी मुले मला अजूनही विचारतात. भरती विभागात असताना असे अर्ज ढिगाने वाचले. 'आव्हानात्मक वातावरणात कौशल्यांचा विकास करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे' हे वाक्य लेखापालाच्या अर्जात, तेच अभियंत्याच्याही. नाव झाकले तर अर्ज कुणाचा ते कळू नये! शिवाय त्यात उमेदवाराला काय हवे तेवढेच असते; तो देणार काय, याचा पत्ता नसतो. एकाच क्षेत्रात बरीच वर्षे काढलेल्याने ते सरळ काढावे आणि दोन-तीन ओळींत केलेल्या कामाचा सारांश द्यावा.

मात्र सरसकट काट मारायला माझा विरोध आहे. कोणी शिक्षकाची नोकरी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळत असेल, तर अनुभवाचा रकाना पाहून वाचणारा बुचकळ्यात पडतो की हा अर्ज इथे कसा? तिथे एक ओळ कामी येते: 'आठ वर्षे गणित शिकवले, टेस्टिंगचा कोर्स पूर्ण केला, आता ज्युनियर टेस्टरचे पद हवे.' पदाचे नाव जाहिरातीत असेल तसेच लिहावे, कारण अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळते आणि ते शब्द जुळवते. कंपनी बदलली की ही ओळही बदलावी. भलत्याच कंपनीचे नाव तसेच राहिलेले अर्ज आम्ही मुकाट्याने बाजूला ठेवत असू.

– भरती विभागातील एक निवृत्त अधिकारी